जुन्या गाडीचं स्टिअरिंग व्हील जाम झालंय, नट काढला तरी निघत नाही? या क्रमाने तपासा

नट काढला, वॉशर काढला, रिम दोन्ही हातांनी धरून जोर लावला आणि व्हील ढिम्म. इंडिकेटरचा स्विच बदलायचा म्हणा, हॉर्नचा कॉन्टॅक्ट साफ करायचा म्हणा, कॉलमचं (स्टिअरिंगचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या नळीत असतो ती) वरचं बेअरिंग म्हणा, मूळ काम अर्ध्या तासाचं असतं आणि दिवस खातं ते हे व्हील. मी हे इतक्या वेळा केलंय की आता जुनी गाडी समोर आली की आधी हब (व्हीलचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) बघतो, रंग-क्रोम नंतर.

लक्षणं

"निघत नाही" या एका वाक्याखाली वेगवेगळी दुखणी असतात, त्यामुळे आधी नीट बघा की नक्की काय होतंय.

नट पूर्ण निघालाय आणि व्हील एक केसभरही हलत नाही, ओढलं की सीटवरून तुम्हीच वर उचलले जाता. हा नेहमीचा जाम, गंज किंवा टेपर (निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला हब), पुढचं बहुतेक सगळं याच्यासाठीच लिहिलंय.

व्हील थोडं डुलतं, वर-खाली किंवा डावी-उजवीकडे, पण वर येत नाही. याचा अर्थ पकड सुटायला लागलीये किंवा काहीतरी दुसरं अडकलंय, पुलर (हब ओढून काढायचं हत्यार) लगेच आणू नका.

एक-दोन मिलिमीटर वर येतं आणि स्प्रिंगसारखं परत खाली बसतं. इथे बऱ्याचदा हब जागचा हललेलाच नसतो, फक्त स्पोक वाकत असतात. रिमवर जोर लावणं ताबडतोब थांबवा.

नट फिरतोय पण वर येत नाही. म्हणजे आटे गेलेत किंवा वर क्लिप आहे.

ओढलं की व्हीलबरोबर अख्खा कॉलम सरकतो, किंवा आधी नव्हता असा खुळखुळ आवाज येतो. इथे सगळं खाली ठेवा आणि थेट शेवटी "कुठे थांबायचं" लिहिलंय ते वाचा.

सुरू करण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हॉर्नच्या वायरला चावी बंद असतानाही करंट असतो, पाना टेकला की हॉर्न वाजतो हे ठीक, पण तिथेच शॉर्ट झाला तर जुनं वायरिंग जळायला वेळ लागत नाही.

मग बघा की व्हीलमध्ये एअरबॅग तर नाही ना. "जुन्या गाडीत कुठली एअरबॅग" असं म्हणू नका. जनरल मोटर्सने १९७४ ते १९७६ मध्ये काही ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅक गाड्यांना ती ऑप्शन म्हणून दिली होती, मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९८१ पासून मिळायला लागली, आणि त्या गाड्या आज क्लासिकच आहेत. एअरबॅग असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, सरळ जाणकाराकडे न्या. एअरबॅगवाल्या हबवर हीट गन आणि हातोडी, याचा विचारही नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि हीच लोक बघत नाहीत: तुमचा कॉलम सरळ एकसंध दांडा आहे की अपघातात दबणारा, म्हणजे कोलॅप्सिबल. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून असे कॉलम द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून धडकेत चालकाला कॉलमचा मार बसू नये यासाठीचे नियमच लागू झाले, बाकीच्या देशांतल्या गाड्यांतही ते हळूहळू आलं. अशा बऱ्याच कॉलममध्ये शाफ्टचे दोन तुकडे एकात एक सरकणारे असतात आणि त्यांना जागेवर धरायला फक्त प्लॅस्टिकच्या छोट्या पिना असतात. त्या पिना तुटाव्यात म्हणूनच बनवल्यात. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारली की त्या तुटतात, बाहेरून काहीही दिसत नाही, व्हील कदाचित निघतंही, आणि मग गाडी चालवताना स्टिअरिंग आत-बाहेर होतं. त्यामुळे कॉलम कोणता आहे हे मॅन्युअलमध्ये बघा, आणि खात्री नसेल तर कोलॅप्सिबलच आहे असं धरून चाला.

या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे आणि पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरच उभी आहे. जोर फक्त हब आणि शाफ्ट या दोघांच्या मध्ये राहिला पाहिजे, कॉलमला तो कळता कामा नये. हातोडीचा जोर शाफ्टमधून खाली उतरतो, आधी वरच्या बेअरिंगला आणि मग स्टिअरिंग बॉक्सच्या वर्मला (आतल्या स्क्रूसारख्या गिअरला) आणि त्याच्या बॉल-रेसला (बेअरिंगच्या कड्याला) लागतो. पुलरचा जोर हबला वर ओढतो आणि शाफ्टला तेवढाच खाली दाबतो, दोन्ही तिथल्या तिथे फिटतात. म्हणून "दोन दणके घाल, निघेल" हा सल्ला मला आवडत नाही. कधीकधी निघतंही, पण काय मोडलं ते नंतर कळतं.

पहिली तपासणी, काहीच खर्च नाही: खरंच सगळं सुटलंय का?

पुढची चाकं सरळ करा. हबवर आणि शाफ्टच्या टोकावर मिळून एक खूण करा, मार्कर पुसला जातो म्हणून पंचने बारीक ठिपका दिला तर उत्तम. आता टॉर्च घेऊन हबच्या आत नीट बघा, आणि बघण्याआधी तिथलं जुनं ग्रीस आणि धूळ ब्रशने काढा कारण नेमकं त्याखालीच काहीतरी लपलेलं असतं.

काय शोधायचं? एक, सर्क्लिप. सत्तरच्या दशकापासूनच्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत नटाच्या वर शाफ्टच्या खाचेत एक बारीक क्लिप असते. ती राहिली तर नट फिरतो पण सुटत नाही आणि माणूस तासभर आट्यांना शिव्या देतो. दोन, नटाच्या कडेला वाकवून बसवलेला लॉक वॉशर, त्याचा कान आधी सरळ करा. तीन, हबला आडवा पिंच बोल्ट. काही गाड्यांत व्हील वरून नटाने नाही तर हबच्या मानेला आडव्या बोल्टने आवळलेलं असतं, आणि तो डॅशबोर्डच्या बाजूने, खालून असतो. नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो बऱ्याचदा शाफ्टला घेतलेल्या खाचेतून जातो. चार, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही मर्सिडीजमध्ये नट नसतोच, मधोमध १० मिलिमीटरचा ॲलन बोल्ट असतो. पाच, अगदीच जुन्या काही गाड्यांत व्हील आणि आतली नळी हा एकच भाग असतो, व्हील वरून निघायची सोयच नाही, खाली बॉक्सकडून सोडवायचं. मॅन्युअल न बघता त्यावर पुलर लावणारे लोक आहेत, काय बोलणार.

बाहेरचं, नंतर बसवलेलं स्पोर्ट व्हील असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. मोमो, नार्डी यांसारखी व्हील सहा स्क्रूंनी वेगळ्या बॉसवर (शाफ्टवर बसणाऱ्या सुट्या हबवर) बसतात, आधी ते सहा स्क्रू काढून रिम बाजूला ठेवा, मग फक्त बॉस उरतो आणि त्याच्याभोवती हात चालवायला भरपूर जागा मिळते.

आणि हो, नट सोडवताना स्टिअरिंग लॉकवर जोर देऊ नका. चावी काढून व्हील लॉक करायचं आणि मग लांब पान्याने नट सोडायचा ही सवय फार जणांना आहे. लॉकची पिन चोराला अडवायला असते, तुमच्या पान्याला नाही, ती तुटली किंवा वाकली की नवीन काम. व्हील कुणाला तरी धरायला सांगा आणि चावी अनलॉकवर ठेवा.

दुसरी तपासणी: नट परत लावा

उलटं वाटेल, पण सुटलेला नट परत तीन-चार आटे लावा, इतका की त्याचा माथा शाफ्टच्या टोकाशी सपाट येईल. खाली नट आणि हबमध्ये फट राहिली पाहिजे. याची दोन कारणं. टेपरवर बसलेलं व्हील सुटतं तेव्हा हळू सुटत नाही, ठाप् आवाज करत एकदम सुटतं, आणि त्यावेळी तुम्ही पूर्ण ताकदीने स्वतःच्या तोंडाकडे ओढत असता. नट असला की ते पाच मिलिमीटरवर थांबतं. दुसरं म्हणजे शाफ्टच्या टोकाचे आटे नटाच्या आत सुरक्षित राहतात, पुलरचा स्क्रू दाबला तरी टोक फुलत नाही. ॲलन बोल्टवाल्या गाडीत बोल्ट दोन-तीन आटे ढिला करून तसाच ठेवायचा.

आता सीटवर बसा, गुडघे रिमच्या मागे खालून टेकवा आणि गुडघ्यांनी वर ढकलत हातांनी रिम आळीपाळीने हलवा, एकदा बाराच्या आणि सहाच्या काट्यावर, एकदा तीन आणि नऊवर. झटके नकोत, एकसारखा दाब. लाकडी रिम, बॅकेलाइट किंवा जुनं कडक रबर असेल तर ही पायरी सोडून द्या, त्या रिमला आधीच केसाएवढ्या भेगा असतात आणि त्या इथेच उघडतात.

अजून एक युक्ती, हिला काही लागत नाही. नट तसाच ढिला, गाडी जागेवर उभी, पुढची चाकं जमिनीवर, आणि व्हील एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवा, दहा-पंधरा वेळा. उभ्या गाडीचे टायर फिरायला जड जातात, तो सगळा विरोध स्प्लाइनवर (शाफ्ट आणि हबच्या एकात एक बसणाऱ्या दातांवर) येतो आणि दातांमधला गंज दोन्ही बाजूंनी चुरडला जातो. काही जुने मेकॅनिक सांगतात की नट ढिला ठेवून गाडी थोडी चालवून आणा. उभ्या गाडीत तेच होतंय, मग ढिल्या स्टिअरिंगने रस्त्यावर जायचंच कशाला?

तिसरी तपासणी: तेल आणि वेळ

इथे हे समजून घ्यायला पाहिजे की तुमचं व्हील टेपरवर आहे की सरळ स्प्लाइनवर. टेपर म्हणजे शाफ्ट वर निमुळता होत जातो आणि नट हबला त्यावर दाबून बसवतो, काचेच्या कुपीला काचेचं बूच घट्ट बसतं तसं. अशा व्हीलला वर यायला अर्धा मिलिमीटर पुरे, तेवढं सुटलं की मोकळं. सरळ स्प्लाइनचं उलटं असतं, सुरुवातीला हललं म्हणून खूश व्हायचं नाही, दात संपेपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटरने ओढावं लागतं आणि मध्येच परत अडकतं. गंजलेल्या सरळ स्प्लाइनला तेलाचा फायदा जास्त. टेपरमध्ये धातू धातूवर इतका घट्ट असतो की तेल आत शिरायला जागाच कमी, तरी कडेच्या गंजासाठी टाकायचंच.

नट थोडा वर घ्या, शाफ्ट आणि हब जिथे भेटतात त्या गोल रेषेवर पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं पातळ तेल) टाका, थोडंच, पण परत परत. भसाभसा ओतलं की ते खाली इंडिकेटरच्या स्विचमध्ये आणि हॉर्नच्या रिंगवर जातं, म्हणून हबच्या मागे कॉलमभोवती फडकं गुंडाळा. रात्रभर ठेवा, सकाळी परत टाका, परत संध्याकाळी. घाई असेल तर हे काम आज सुरू करू नका, खरंच. दोन दिवस तेल पिऊन मोकळी झालेली व्हील मी जितकी पाहिलीत तितकी कुठल्याही भारी हत्याराने झालेली नाहीत.

ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल अर्धं-अर्धं मिसळून वापरतात बरेच जण. चालतं, चांगलं चालतं, पण ॲसिटोन रंग आणि जुनं प्लॅस्टिक विरघळवतो. रिमवर एक थेंब सांडला तर डाग कायमचा. ड्रॉपरने टाका आणि हे टाकलेलं असताना उष्णता देऊ नका, ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते.

हब ॲल्युमिनियमचा आणि शाफ्ट पोलादाचा असेल तर लाल गंज दिसणार नाही, पांढरी भुकटी दिसेल. दोन वेगळे धातू, मध्ये ओल, आणि ॲल्युमिनियम झिजून फुगतं. ही जोडी सगळ्यात हट्टी. हिला तेल कमी आणि उष्णता जास्त लागू पडते.

चौथी तपासणी: पुलर

इथून हत्यारावर पैसे जातात, आणि योग्य पुलर उसना मिळत असेल तर उसनाच घ्या.

हबवर नटाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर आटे असलेली दोन भोकं आहेत का बघा. असतील तर कंपनीने ती पुलरसाठीच ठेवलीत. जनरल मोटर्सच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तिथे ५/१६ इंचाचे, इंचाला १८ आटे असलेले बोल्ट बसतात. बोल्ट हाताने फिरवूनच लावा, पहिल्या आट्यालाच अडला तर चुकीचा बोल्ट आहे, पान्याने दामटू नका. आत किमान बोल्टच्या जाडीइतका तरी जायला हवा, दोन्ही बाजूंनी सारखाच. पण फार लांब बोल्टही नको. हबमधून आरपार जाऊन तो खाली इंडिकेटरच्या स्विचवर किंवा स्टिअरिंग लॉकच्या प्लेटवर टेकतो, मग तुम्ही पुलर आवळताय म्हणजे प्रत्यक्षात स्विच फोडताय आणि व्हील तसूभर हलत नाही. आधी भोकाची खोली काडीने मोजा.

भोकं नसतील तर पंजाचा पुलर किंवा बेअरिंग काढायचा दोन पात्यांचा स्प्लिटर. स्प्लिटर मला जास्त आवडतो, हबच्या मागे सगळीकडून धरतो. पंजे असतील तर ते हबच्या धातूच्या मानेला लागले पाहिजेत. स्पोकला नाही, रिमला तर अजिबात नाही, आणि इंडिकेटर परत आणणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॅमवरही नाही.

मधला स्क्रू शाफ्टच्या बरोबर मध्यावर, आणि मध्ये पितळेची चकती ठेवा. एक खास इशारा जुन्या ब्रिटिश गाड्यांसाठी. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच गाड्यांत हॉर्न आणि इंडिकेटरचं बटण व्हीलच्या मधोमध असतं आणि त्याच्या वायरी पोकळ शाफ्टमधून एका बारीक नळीतून खाली जातात. पुलरचा स्क्रू त्या नळीवर टेकवला तर ती चेपते. नळी आधी मोकळी करून काढता येते, पण ती खाली स्टिअरिंग बॉक्समधून बाहेर येते आणि तिचा नट सोडला की बॉक्समधलं तेल गळतं, खाली भांडं ठेवा आणि नंतर तेल परत भरायला विसरू नका. नळी काढायची नसेल तर शाफ्टच्या कडेवरच बसेल असा बुश करून घ्या, म्हणजे जोर कडेवर येतो आणि नळीला धक्का लागत नाही.

आता आवळा. पाव फेरा, थांबा. पाव फेरा, थांबा. दर वेळी बघा की पुलरचा आडवा दांडा आणि हब समांतर आहेत का, एक बाजू वर येत असेल तर तो बोल्ट जुळवून घ्या. पाना जड झाला की तिथेच सोडून द्या आणि चहापाणी करून या. ताणाखाली ठेवलेलं व्हील मागे कुणी नसताना ठाप् करून सुटतं, आणि नट लावलेला असल्यामुळे काही बिघडत नाही. मी तर संध्याकाळी ताण देऊन, तेल टाकून, रात्रभर तसंच ठेवतो.

एकसंध, न दबणारा कॉलम असेल, खात्री असेल, तर ताण दिलेल्या पुलरच्या स्क्रूच्या डोक्यावर छोट्या हातोडीने एक-दोन टिचक्या चालतात. हबच्या कडेला आडवी टिचकी त्याहून बरी, कारण तिचा जोर खाली जात नाही. कोलॅप्सिबल कॉलमवर यातलं काहीच नाही, फक्त ताण आणि वेळ.

पाचवी तपासणी: उष्णता

पुलर ताणलेला असतानाच उष्णता द्यायची, वेगळी देऊन उपयोग नाही. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं, म्हणजे ३० मिलिमीटरच्या भोकाचा हब आणि शाफ्ट दोन्ही १०० अंशांनी तापले तरी साधारण ०.०३ मिलिमीटरची मोकळीक मिळते. ऐकायला काहीच नाही, पण अशा बसवणीत तेवढंच हवं असतं. हब पोलादाचा असेल तर फक्त हब पटकन तापला पाहिजे, शाफ्ट थंड राहिला पाहिजे, दोन्ही सारखे तापले तर फायदा शून्य. शाफ्टच्या टोकावर थंड करणारा स्प्रे मारला तर फरक अजून वाढतो.

हीट गन वापरा, गॅसची ज्योत नको. आजूबाजूला तेल, जुनं वायरिंग, कापडी सीट. आणि रिम कशाची आहे ते बघा, जुन्या काही रिम सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड नुसतं वितळत नाही, भडकतं. लाकूड आणि प्लॅस्टिकला ओल्या फडक्याने झाका, गन फक्त हबच्या मानेवर, आणि अग्निशामक हाताशी. हबला हात लावता येणार नाही इतका तापला की पुलर पाव फेरा. नाही हलला तर पूर्ण थंड होऊ द्या, तेल टाका, परत. तापणं आणि थंड होणं या फेऱ्यांनीच गंजाची पकड तुटते, एका वेळेला खूप तापवून नाही.

कुठे थांबायचं

पुलरच्या बोल्टखालचे आटे निघायला लागले, हबला भेग दिसली, स्पोकच्या मुळाशी रंग तडकला, शाफ्टचं टोक फुलायला लागलं, किंवा कॉलम सरकला, यातलं काहीही झालं की थांबा. अजून एक फेरा, अजून एक फेरा असं करत तिथून पुढे गेलं की सुट्टा भाग मिळणार नाही अशी वस्तू तुटते. कॉलम सरकला असेल तर व्हील निघो न निघो, गाडी चालवायची नाही, आधी कॉलम उघडून तपासून घ्यायचा, तो ओढून-ताणून परत "बसवता" येत नाही.

अशा वेळी व्यावसायिकाकडे जायचं म्हणजे बऱ्याचदा गाडी न्यायची नसते. खालची कपलिंग किंवा युनिव्हर्सल जॉइंटचा पिंच बोल्ट सोडून, डॅशखालचे ब्रॅकेट काढून, व्हीलसकट कॉलम बाहेर येतो, आणि मग हायड्रॉलिक प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये हबला खालून पूर्ण आधार देऊन शाफ्ट दाबून काढतात. फिटरला आधीच सांगा की कॉलम कोलॅप्सिबल आहे आणि आधार हबला द्यायचा, कॉलमच्या नळीला नाही. हे सांगितलं नाही तर जे टाळायला तुम्ही एवढा खटाटोप केला तेच प्रेसवर होईल.

व्हील तसंही टाकायचंच असेल, फुटकं असेल, तर हब उभा कापून पाचर घालून उघडणं हा पर्याय आहे, पण शाफ्टच्या दातांना लागू न देता कापणं हे ग्राइंडर रोज चालवणाऱ्याचं काम. मूळ, दुर्मिळ व्हील असेल तर याचा विचारही नको.

निघालं की

स्प्लाइन वायर ब्रशने साफ करून भिंगाखाली बघा, दात चिरलेले किंवा दुमडलेले असतील तर तो शाफ्ट तसाच परत वापरू नका. टेपरवर घट्ट बसण्याचं काम धातूने धातूवर करायचं असतं, त्यामुळे अँटी-सीझ (परत जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) लावायचंच तर बोटाने पुसून उरेल इतकंच, पांढरी भुकटी निघाली असेल तर मात्र नक्की लावा. नट, लॉक वॉशर, मर्सिडीजवाल्यांनी तो ॲलन बोल्ट, नवीनच. टॉर्क मॅन्युअलमध्ये असेल तोच द्या, अंदाजाने "मस्त आवळला" असं नको, कारण गरजेपेक्षा जास्त आवळलेला टेपर हाच पुढच्या वेळचा जाम असतो. खुणा जुळवून बसवा, मग गाडी उभी असतानाच हॉर्न वाजवून बघा, इंडिकेटर डावीकडून आणि उजवीकडून दोन्ही वळणांनंतर आपोआप परततो का बघा, आणि रिम धरून जोरात वर ओढा, पुढे-मागे हलवा. किंचितही खटका जाणवला तर नट परत काढून बघा, रस्त्यावर जायचं त्यानंतर.